ऋणगुणनाची उपपत्ति व पोथ्यांतील टिंब

बीजगणिताची जुनी पोथी संग्रहांत आली कीं तिची नोंद बहुधा एका ओळींत आटोपते: ग्रंथनाम, पत्रसंख्या, लेखनकाल, पूर्ण किंवा त्रुटित. आंतील अंकांकडे कोणी फारसें पाहत नाहीं. त्यामुळें एक बारीक खूण नजरेआड राहते. ती खूण म्हणजे अंकाच्या डोक्यावरील टिंब. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत ऋणसंख्या अशा टिंबानें दाखवितात. तें टिंब पुसलें गेलें तर कर्जाची ठेव होते आणि सगळें उदाहरण बिघडतें. असें टिंब हरवलें आहे हें ओळखावयाचें तर चिन्हांचा नियम ठाऊक हवा. आणि तो नियम खात्रीनें वापरावयाचा तर त्याची उपपत्ति ठाऊक हवी. त्या नियमांपैकीं सर्वांत चमत्कारिक वाटणाऱ्या भागाचा, म्हणजे ऋणाला ऋणानें गुणिलें असतां धन कां येतें याचा, विचार येथें करावयाचा आहे.

नियम जुना आहे. ब्रह्मगुप्तानें शके ५५० (इ. स. ६२८) मध्यें रचिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्ताच्या अठराव्या अध्यायांत तो स्पष्ट सांगितला आहे: धन व ऋण यांचा गुणाकार ऋण, दोन ऋणांचा धन, दोन धनांचाहि धन. भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धान्तशिरोमणि पुरा केला, त्यांतील बीजगणितांतहि हाच नियम आरंभीं येतो. आचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळील पाटण येथें डॉ. भाऊ दाजी यांस सांपडला, हें वाचकांस विदित आहेच. म्हणजे हा नियम महाराष्ट्राच्या भूमीवर इ. स. च्या तेराव्या शतकाच्या आरंभींच पाठशाळेंत शिकविला जात होता असें मानण्यास हरकत नाहीं.

परंतु मूळ ग्रंथांत नियम आहे, कारण नाहीं. विद्यार्थी सहज विचारील कीं, कर्जास कर्जानें गुणावयाचें म्हणजे काय करावयाचें, आणि दोन कर्जें एकत्र आल्यानें सावकारी कशी निर्माण होते? आक्षेप बिनतोड दिसतो. पण त्यांत एक गफलत आहे. गुणक हा पैसा नव्हे, तो आवृत्तीची संख्या आहे. पांच रुपयांचे तीन कर्जरोखे कोणाच्या शिरावर आले तर तो पंधरा रुपयांनीं खालीं जातो. तेच तीन रोखे फाडून टाकले तर तो पंधरा रुपयांनीं वर येतो. रोखा ऋण आहे, फाडणें हेंहि ऋण आहे, आणि फळ मात्र धन आहे. ऋण गुणकाचा अर्थ 'इतक्या वेळां काढून घेणें' असा केला कीं विरोध मावळतो.

हा दृष्टान्त झाला. पण दृष्टान्त म्हणजे सिद्धि नव्हे. सिद्धीचें साधन लीलावतींतच पडून आहे. तेथें १३५ स १२ नीं गुणण्याचें उदाहरण अनेक रीतींनीं सोडविलें आहे. एक रीत अशी कीं, गुणकांत इष्ट संख्या मिळवून गुणावें व मग गुण्य आणि इष्ट यांचा गुणाकार वजा करावा. १२ त ८ मिळविले, २० झाले. १३५ ची वीसपट २७००; त्यांतून आठपट १०८० वजा केली, १६२० राहिले. हेंच बीजगणिताच्या भाषेंत म्हणावयाचें तर १२ चीं दोन खंडें केलीं, धन २० व ऋण ८.

आतां गुण्य ऋण १३५ घेऊं. १३५ रुपयांचीं बारा कर्जें म्हणजे १६२० चें कर्ज, यांत कोणास शंका नाहीं. त्याच बाराचीं तींच खंडें करूं. वीसपट म्हणजे ऋण २७००. दुसरें खंड ऋण ८. त्यानें ऋण १३५ स गुणून येणारें फळ यांत मिळविलें असतां ऋण १६२० च आलें पाहिजे. तें फळ धन १०८० असेल तरच हिशेब जुळतो. तें ऋण मानलें तर बेरीज ऋण ३७८० होते, आणि त्याच बारा कर्जांची एका रीतीनें एक व दुसऱ्या रीतीनें दुसरी रक्कम निघते. खंडें कशींहि केलीं तरी गुणाकार बदलतां कामा नये, एवढी एकच गोष्ट कबूल केली कीं नियम आपोआप सिद्ध होतो. तो कोणाच्या लहरीनें ठरलेला नाहीं.

या विषयाचा तात्त्विक भाग ज्यानें सर्वांत मार्मिकपणें मांडला तो टीकाकार विदर्भाचा आहे. कृष्ण दैवज्ञाचें घराणें पयोष्णीतीरींच्या दधिग्रामचें. तें पुढें काशीस गेलें. गणेश दैवज्ञाचा पुतण्या नृसिंह, त्याचा शिष्य विष्णु आणि विष्णूचा शिष्य कृष्ण, अशी त्याची विद्यापरंपरा. इ. स. १६०० च्या सुमारास त्यानें बीजगणितावर जी नवांकुर नांवाची टीका लिहिली ती पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३० मध्यें छापिली. तींत तो सांगतो कीं ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, आणि तें देश, काल व वस्तु अशा तीन परींचें असतें. पूर्वेस जाणें धन म्हटलें तर पश्चिमेस जाणें ऋण. पुढील काल धन तर मागील ऋण. माझ्या मालकीची वस्तु धन तर तीच दुसऱ्याची झाल्यास ऋण.

या तिहींपैकीं देश व काल हे दोन प्रकार एकत्र जोडून पाहूं. नागपूरच्या नैर्ऋत्येस हिंगणा हें गांव आहे. हिंगण्याहून नागपूरकडे जाणें ऋण व उलट दिशेनें जाणें धन असें धरूं. एक वाटसरू प्रहरास तीन कोस या गतीनें नागपूरकडे चालला आहे व आतां हिंगण्यांत आहे. दोन प्रहरांनंतर तो नागपूरच्या बाजूस सहा कोसांवर असेल, म्हणजे ऋण सहा. पण दोन प्रहरांपूर्वीं तो कोठें होता? गति ऋण, काल ऋण. आणि तो हिंगण्याच्या पलीकडे सहा कोसांवर, म्हणजे धन सहा वर होता. येथें कर्जाचा संबंधहि नाहीं, तरी नियम तोच.

तथापि नियम खरा असला तरी प्रत्येक उत्तर व्यवहारांत घेण्याजोगें असतेंच असें नाहीं, हें भास्कराचार्यांनीं जाणलें होतें. त्यांचें वानरांचें उदाहरण प्रसिद्ध आहे: कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून राहिलेल्यांच्या वर्गाइतकीं वानरें गुहेंत गेलीं, एक बाहेर दिसलें. उत्तरें ५० व ५ अशीं दोन येतात. पांचाचा पंचमांश एक, त्यांतून तीन गेले, ऋण दोन राहिले. त्यांचा वर्ग धन चार, अधिक एक, पांच. हिशेब बरोबर आहे. तरी आचार्य हें उत्तर टाकतात, कारण ऋण वानरें लोकांस पटत नाहींत. नियमावर इतका भरंवसा व अर्थाविषयीं इतकी सावधगिरी एकाच ठिकाणीं क्वचित् आढळते. युरोपांत इ. स. १५४५ मध्यें कार्दानो ऋण उत्तरांस कल्पित म्हणत होता, आणि १७५८ मध्यें इंग्लंडांत मझेरेस यानें ऋणसंख्यांच्या प्रचलित वापराविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्या टीकाकारांची योग्यता कळते.

आतां पोथ्यांकडे वळूं. टिंब हें लेखनांतील सर्वांत नाशवंत चिन्ह आहे. तें अनुस्वार समजून गाळलें जातें, शाईचा डाग समजून सोडलें जातें, किंवा कसरीच्या भोकानें नाहींसें होतें. उलट एखादा डाग टिंब म्हणून नकलेंत शिरतो. अशा वेळीं नियमच संशोधकाचा साक्षी होतो. गुण्य ऋण व गुणाकार धन दिसत असेल आणि पुढील गणित त्या धनावर जुळत असेल, तर गुणकावरचें टिंब हरवलें असें निश्चयानें म्हणतां येतें. मात्र तिहींपैकीं एकच चिन्ह संशयित असेल तरच हें अनुमान चालतें. दोन गेल्यास दुसरी प्रत शोधावी. शिवाय सर्व पोथ्यांत टिंबच असतें असेंहि नाहीं. १८८१ मध्यें सांपडलेल्या बख्शाली येथील भूर्जपत्रांत ऋणाची खूण आजच्या अधिक चिन्हासारखी आहे. तेथें आजच्या संवयीनें वाचणारा सरळ उलट अर्थ करील.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति दोन गोष्टींची आहे. गणिताच्या पोथीची नक्कल करितांना अंकांवरील प्रत्येक टिंब, संशयित असलें तरी, तसेंच उतरून घ्यावें व संशय समासांत नोंदवावा. आणि मूळ ग्रंथ छापून निघाला आहे म्हणून त्यावरील टीकेची त्रुटित पोथी टाकून देऊं नये. मुळांत नियम मिळतो. तो कां खरा, हें टीकेंतच मिळतें.