धूम्रपानमुक्तीसाठी औषधोपचार : कोणती औषधे, कोणाला आणि किती काळ?

नवी दिल्ली : धूम्रपान सोडण्याचा निश्चय अनेकदा पहिल्या काही दिवसांतच मोडतो. त्यामागे केवळ इच्छाशक्तीचा अभाव नसून निकोटिनचे शारीरिक अवलंबित्व असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी काही औषधे याच अवलंबित्वावर उपचार करतात.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील फेरीनुसार, भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण ते सोडण्याच्या विचारात होते.

तल्लफ का येते?

धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. तेथील विशिष्ट ग्राहींशी ते जोडले गेले की डोपामिन स्रवते आणि सुखद संवेदना होते. सवय जडल्यानंतर निकोटिन मिळाले नाही, तर चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश आणि तीव्र तल्लफ जाणवते. ही लक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वाधिक तीव्र असतात व पुढील काही आठवड्यांत ओसरतात. हा कठीण काळ निभावून नेणे हे औषधांचे मुख्य काम होय.

दोन प्रमुख औषधे

व्हॅरेनिक्लिन हे औषध निकोटिनच्याच ग्राहींशी जोडले जाते. ते ग्राहींना अंशतः चेतवत असल्याने तल्लफ कमी होते. शिवाय जागा अडलेली असल्यामुळे मध्येच सिगारेट ओढली, तरी नेहमीचे समाधान मिळत नाही. धूम्रपान सोडण्याच्या ठरलेल्या तारखेच्या साधारण एक आठवडा आधी कमी मात्रेने ते सुरू केले जाते. पूर्ण उपचार सामान्यतः १२ आठवड्यांचा असतो. मळमळ, निद्रानाश आणि विचित्र स्वप्ने हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते.

बुप्रोपिऑन हे मुळात नैराश्यावरील औषध. तेही तारखेच्या एक ते दोन आठवडे आधी सुरू करतात. अपस्माराचा किंवा आहारविषयक मानसिक विकाराचा इतिहास असलेल्यांना ते देत नाहीत, कारण त्याने आकडी येण्याचा धोका वाढतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

या दोन्ही औषधांमुळे गंभीर मानसिक दुष्परिणाम होत असल्याच्या शंकेवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्यांच्या वेष्टनावर ठळक इशारा देणे बंधनकारक केले. त्यानंतर १६ देशांतील आठ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. त्यात अशा दुष्परिणामांत लक्षणीय वाढ आढळली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो इशारा काढण्यात आला. तरीही औषध घेताना मनःस्थितीत बदल जाणवल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

याच चाचणीत नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सलग धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण व्हॅरेनिक्लिन गटात सुमारे २२ टक्के, बुप्रोपिऑन व निकोटिन पट्टीच्या गटांत प्रत्येकी सुमारे १६ टक्के, तर औषधी द्रव्य नसलेली गोळी घेणाऱ्यांत सुमारे ९ टक्के होते. म्हणजेच औषधाने यशाची शक्यता दुपटीहून अधिक वाढू शकते. पण यशाची हमी मिळत नाही. पहिला प्रयत्न फसला, तरी पुन्हा उपचार घेता येतात.

समुपदेशनाची जोड

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत समाविष्ट केली. संघटनेच्या २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांत औषधांसोबत समुपदेशनाची शिफारस आहे.

भारतात दोन मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळते; मात्र वरील दोन्ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गर्भवती महिलांनी हा सल्ला विशेषत्वाने घ्यावा. धूम्रपान थांबल्यावर थिओफिलिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. म्हणून सुरू असलेल्या सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना द्यावी.

सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर निःशुल्क समुपदेशन मिळते. तल्लफ कमी झाली म्हणून औषध स्वतःहून मध्येच बंद करू नये; ते केव्हा थांबवायचे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.