वाच गो बाय

मुलाला रात्री झोपताना गोष्ट वाचून दाखवा, हा सल्ला आता बालवाडीच्या पालकसभेतही मिळतो. चांगलाच सल्ला आहे. वाचनालयाच्या टेबलामागे बसून मीही तो अनेक आयांना दिला. पण आपल्याकडच्या घरांचा मागचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर बहुतेक ठिकाणी उलटंच चालायचं. पोर वाचायचं आणि मोठी माणसं ऐकायची. घरात वाचता येणारं तेवढं एकच असायचं, म्हणून. 1951 च्या जनगणनेत देशात शंभरातल्या जेमतेम अठरा माणसांना लिहिता-वाचता येत होतं, आणि बायकांत शंभरात नऊजणींनाही नाही. त्याआधीच्या पिढ्यांचं विचारायलाच नको. अशा घरात तिसरीत गेलेलं मूल म्हणजे घरचा कारकून, पुराणिक आणि बातमीदार, सगळं तेच.

सुरुवात पोथीपासून करायला हवी. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी 1702 मध्ये ‘हरिविजय’ पुरा केला, पाठोपाठ 1703 मध्ये ‘रामविजय’, मग 1712 मध्ये ‘पांडवप्रताप’ आणि 1718 मध्ये ‘शिवलीलामृत’. मुलांसाठी म्हणून त्यांनी यातलं काही लिहिलं नव्हतं. तरी मुलाच्या जिभेला इतकी सोयीची मराठी मी दुसरी पाहिलेली नाही. ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. दम कुठे घ्यायचा हे ओवीच सांगते. एकोणिसाव्या शतकात शिळाछापावर पोथ्या निघू लागल्या आणि त्या गावोगाव पोचल्या. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढल्यावर तर देवनागरीचे ठसे इतके सुबक झाले, की कंदिलाच्या उजेडातही अक्षर लागायचं.

जुन्या पोथीत शब्द सुटे नसत. ओळभर अक्षरं सलग, मध्ये फक्त दंड. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. भलत्याच ठिकाणी तोडला की अर्थाचा विचका व्हायचा आणि ओटीवर हशा पिकायचा. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय तिला तोंडपाठ. श्रावणी सोमवारी आंघोळ करून मी पोथीवरचं लाल फडकं सोडायचं, ती वाती वळत ऐकायची. मी एखादा शब्द गाळला की वळता हात थांबायचा. ती काही बोलायची नाही. मी मागे जाऊन ओवी पुन्हा म्हटली की हात चालू. निरक्षर बाईने साक्षर पोरीचं वाचन तपासायचं, असा तो प्रकार होता. पुढे नोकरीत वाचनाच्या पुष्कळ परीक्षा पाहिल्या, एवढा कडक परीक्षक भेटला नाही.

पोथी वर्षातून काही दिवस, पण पत्र बारमाही. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं 1 जुलै 1879 ला, किंमत पाव आणा. पुढच्याच वर्षी टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. रत्नागिरीकडच्या गावांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि मागे घरात म्हातारी, बायको, पोरं. या सगळ्यांना बांधून ठेवणारी दोरी म्हणजे ते कार्ड. पोस्टमन अंगणात आला की आजीची हाक ठरलेली, “वाच गो बाय, काय लिवलान?” सुरुवात नेहमीचीच असायची, शिरसाष्टांग नमस्कार, आम्ही इकडे खुशाल, विशेष लिहिण्यास कारण की. खरी उत्सुकता ‘कारण की’च्या पुढे. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी चिंचोळी पट्टी असायची. तेवढ्यात वडील संसार बसवायचे: पाच रुपये वाण्याला, दोन भाचीच्या लग्नात, राहिलेले कौलांना. हे मोठ्याने वाचताना हिशेब आणि माणसं दोन्ही कळत गेली. कार्डाचा कोपरा फाटलेला असेल तर ते मयताचं, घरात न्यायचं नाही, अंगणातच वाचून टाकायचं. ते वाचणारं पोर आठ-नऊ वर्षांचं असलं तरी त्याची सुटका नव्हती. काय गाळायचं, कुठे आवाज हळू करायचा, हे पोरं आपोआप शिकत. लेखकाच्या ओळींमधलं वाचणं म्हणतात ते आम्ही कार्डावर शिकलो.

या रिवाजाचा सगळ्यात मोठा दाखला बाबासाहेब आंबेडकरांच्या घरातला आहे आणि तो त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत ते लहानपणाबद्दल सांगतात. वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी, लष्करी शाळेत हेडमास्तर राहिलेले, धार्मिक आणि शिस्तीचे. घरी कथा ऐकायला बहिणी जमत, बाहेरची माणसंही येत, आणि त्यांच्यापुढे रामायण-महाभारत वाचायचं काम मुलांकडे. हे वर्षानुवर्षं चाललं. वडील स्वतः अडाणी नव्हते, ते सहज वाचू शकले असते. तरी वाचायला बसवलं मुलांना.

याच्या पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. एका परीक्षेत पास झाल्याबद्दल वस्तीने भीमरावाचा सत्कार केला. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. केळुसकर शिक्षक. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. ते पुस्तक वाचून मुलाने घरी बापाला सरळ विचारलं, ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा सांगणारे आणि शूद्र-अस्पृश्यांना कमी लेखणारे ग्रंथ तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? बापाने आधी त्याला गप्प केलं. मुलाने पुढे पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड बसण्याचा धोका आहे, म्हणून द्रोण आणि कर्ण बघा, लहान जागेवरून किती वर गेले, अशा अर्थाचं उत्तर दिलं. मुलाचं त्याने समाधान झालं नाही, हेही बाबासाहेबांनी नोंदवलं आहे. मोठ्याने वाचायला लावणाऱ्या घरात असं होतं. वाचलेलं सगळ्यांसमोर पडलेलं असतं, त्यावर प्रश्न विचारता येतो, भांडता येतं. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत मुलगा अभ्यास करायचा, बाप जागा राहून त्याला पहाटे उठवायचा आणि पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकायचा. धनंजय कीरांच्या चरित्रात हे सगळं आहे, पण आपण सांगताना दागिन्यांची गोष्ट तेवढी सांगतो. कथेला जमलेले श्रोते विसरून जातो.

मुलींच्या वाट्याला हे सुख फार उशिरा आलं. पंडिता रमाबाईंना आई लक्ष्मीबाईंनी पहाटे तोंडी संस्कृत शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत फिरायचं आणि पुढे रमाबाई स्वतः पुराण सांगू लागल्या. पोरीचं वाचन हीच त्या घराची चूल. पण असं घर विरळाच. वाचणारी मुलगी विधवा होते अशी समजूत असण्याचा तो काळ. 1873 मध्ये लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानड्यांना पती न्यायमूर्ती रानड्यांनी रात्री पाटी-पुस्तक घेऊन शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्याबद्दल काय काय ऐकवलं ते 1910 मध्ये निघालेल्या त्यांच्या आठवणींत आहे. पोस्टकार्ड वाचायला मात्र पोरगी चालायची. गरजेपुढे समजुती नरम पडतात.

आता खास मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांकडे. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इसापच्या गोष्टी मराठीत छापवल्या होत्या. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ 1828 चे. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केलं आणि कितीतरी वर्षं ते जवळजवळ एकहाती लिहिलं. या मंडळींच्या कष्टांपुढे हात जोडते, पण यातलं बरंचसं आज वाचवत नाही. पानापानावर उपदेश. शहाणा मुलगा लवकर उठतो, वेडा मुलगा विहिरीत पडतो. छत्र्यांचीच ‘वेताळ पंचविशी’ मुलांना अधिक आवडली असणार, याबद्दल मला शंका नाही. वासुदेव गोविंद आपट्यांच्या ‘आनंद’ मासिकाने 1906 पासून नावाप्रमाणे थोडी मोकळी हवा आणली.

मोठ्याने वाचायच्या त्या जुन्या सवयीला अगदी फिट्ट बसलेलं पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ते लिहून काढलं, 1935 मध्ये छापलं गेलं. रोज रात्री श्याम आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. रोज एक रात्र वाचायची, हे कुणी शिकवायला लागलं नाही. पोथीला जसे अध्याय तशा याला रात्री. आमच्या कोकणातल्या घरी चातुर्मास संपल्यावर पाटावर हे पुस्तक यायचं. आजी यालाही हात जोडायची, आणि नवव्या-दहाव्या रात्रीनंतर पदर असा डोळ्याला लावायची, की मी वाचायचं थांबून बघत बसायचे.

मग स्वातंत्र्यानंतरचा काळ. मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदोबा’ची मराठी आवृत्ती 1952 पासून येऊ लागली. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आधीच घरोघर होता. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे सायकलवर बसवला आणि ‘ट्टॉक’ हा आवाज मुलांच्या तोंडी दिला. बालभारतीने नोव्हेंबर 1971 मध्ये ‘किशोर’ काढलं. त्याआधी 1967 मध्ये राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान मिळू लागलं आणि तालुक्याच्या गावीही बालविभाग उघडले. मी नोकरीला लागले ते अशाच एका बालविभागात. ‘चांदोबा’चा नवा अंक आला की विक्रम-वेताळासाठी नंबर लागायचे. वर्षअखेर ‘किशोर’चे अंक बाइंडिंगला पाठवताना हमखास सापडायचं शब्दकोड्याचं पान ब्लेडने कापलेलं. त्या चोरांवर मी कधी फार चिडले नाही.

पण इथेच एक बदल गुपचूप झाला. फास्टर फेणे कुणी मोठ्याने वाचत नाही. तो पांघरुणात, माडीवर, जिन्यात एकट्याने वाचायचा. वाचन घराचं होतं ते मुलाचं स्वतःचं झालं, आणि यात मुलांनी खूप कमावलं, यात वाद नाही. दुसरीकडे घरातली माणसं साक्षर होत गेली. आई स्वतः पेपर वाचू लागली, पत्रांची जागा फोनने घेतली. मुलाच्या वाचनावाचून आता कुणाचंच अडत नव्हतं. घरचा कारकून बिनकामाचा झाला. त्याचं वाचन उरलं ते शाळेसाठी, मार्कांसाठी, आणि ‘चांगली सवय’ म्हणून. माझ्या मते मुलं वाचत नाहीत ही तक्रार सुरू होते ती इथून. टीव्ही आणि मोबाइल मागाहून आले, त्यांनी रिकामी झालेली जागा घेतली.

वाचनालयात मी बघायचे, कुठली मुलं टिकतात. घरी पुस्तकांचं कपाट असलेली सगळी टिकत नसत. मोतीबिंदू झालेल्या आजोबांसाठी नाथमाधवांची कादंबरी न्यायला येणारा मुलगा टिकायचा. धाकट्या भावाला झोपवायचं काम असलेली मुलगी टिकायची, ती तर आठवड्याला दोनदा यायची, कारण भाऊ तीच गोष्ट परत ऐकायला तयार नसे. त्यांना ऐकणारं कुणीतरी होतं.

आता सरकारही वाचनासाठी पुष्कळ करतं. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, पाचगणीजवळचं भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं आमच्या वेळी नव्हती, म्हणून आजच्या मुलांचा मला हेवा वाटतो. पुस्तकांचा तुटवडा आज नाही, तुटवडा ऐकणाऱ्यांचा आहे. म्हणून आईबापांना एवढंच सांगते. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मुलाला त्यातली एक गोष्ट निवडू द्या आणि तुम्ही भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत ती त्याच्याकडून ऐका. उच्चार सुधारू नका, तात्पर्य विचारू नका. चुकून मध्येच फोन वाजला तर उचलू नका.