माळव्याच्या उन्हात इन्सुलिन

मे 1962. उज्जैनच्या माधव नगरातल्या एका मराठी घरात तुम्ही उभे आहात आणि घरातल्या कुणालाच तुम्ही दिसत नाही. बाहेर लू वाहते आहे, पारा 40 च्या वर गेला आहे. स्टोव्हवर पातेल्यात काचेची सिरिंज उकळते आहे.

"अहो, बाटली काढता ना?" आतून हाक येते.

घरात फ्रीज नाही. आजोबा माठाखालच्या ओल्या वाळूतून इन्सुलिनची बाटली काढतात, धोतराच्या सोग्याने पुसतात आणि खिडकीच्या उजेडात धरतात. परवापर्यंत नितळ असलेलं औषध आज गढूळ दिसतंय. काचेला आतून पांढुरका थर धरलाय, आणि बाटली तिरकी केली की त्यात बारीक तंतू हलताना दिसतात.

"ही वाया गेली," आजोबा म्हणतात आणि चप्पल शोधायला लागतात. आता भर दुपारी फ्रीगंजातल्या औषधाच्या दुकानापर्यंत चालत जायचं.

तुम्ही त्यांच्यामागे जाऊ नका. बाटलीत उतरा.

इन्सुलिन म्हणजे दोन पेप्टाइड साखळ्या. एकीत 21 अमिनो आम्लं, दुसरीत 30. ही सगळी 51 कोणत्या क्रमाने येतात, ते फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिजमध्ये शोधून काढलं आणि त्यासाठी 1958 चं नोबेल मिळवलं. उष्णता आणि हिंदकळणं यांनी या साखळ्यांची घडी उसवते. पाण्यापासून लपलेले, पाणी नकोसं वाटणारे भाग उघडे पडतात आणि शेजारच्या रेणूच्या तशाच भागांना चिकटतात. चिकटत चिकटत तंतू होतो. काचेवर दिसला तो पांढुरका थर याचाच.

ही घडी कुणी बाहेरून धरून ठेवली तर? धरणारा रेणू माणसाने बनवलेला हवा, आणि त्याने पाण्यातच काम करायला हवं. अवघड काय आहे, तर नेमकं हेच. पेप्टाइडला धरता येण्याजोग्या बहुतेक जागी पाणी आधीच हायड्रोजन बंध करून बसलेलं असतं. या पाण्याशी स्पर्धा करून जिंकायचं कसं?

थोडं मागे, 1905 च्या जर्मनीत चला. रॉबर्ट बेरेंड आणि त्यांचे सहकारी ग्लायकोल्युरिल आणि फॉर्मल्डिहाइड आम्लात एकत्र करतात. जो पांढरा पदार्थ हाती येतो तो रंगद्रव्यं आणि क्षार पकडून ठेवतो, एवढं त्यांना कळतं. रचना कळत नाही. ती कळायला 1981 उजाडावं लागतं. विल्यम मॉक यांच्या गटाने क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा लाल भोपळा देठाकडून आणि बुडाकडून कापून आतला गर काढावा, तसा पोकळ रेणू दिसला. भोपळ्याच्या कुळावरूनच त्याचं नाव ठेवलं, कुकरबिट्युरिल. सात घटकांचा त्याचा भाऊ, सीबी-7, इसवी सन 2000 च्या सुमारास वेगळा करता आला, आणि आपल्या बाटलीत उपयोगी पडणारा तोच.

सीबी-7 च्या पोकळीत शिरून पाहा. आत पाण्याचे सात-आठ रेणू कोंडलेले आहेत. बाहेरच्या मोकळ्या पाण्यात प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांशी मनासारखे बंध करता येतात. इथे भिंती आडव्या येतात, जागा अपुरी पडते. या पाण्याला संधी मिळताच बाहेर पडायचं आहे. इन्सुलिनच्या लांब साखळीच्या टोकाला फेनिलअॅलानिन आहे, त्याचं षट्कोनी वलय या पोकळीत नेमकं बसतं. ते आत सरकतं, कोंडलेलं पाणी बाहेर सुटतं, आणि टोकाचा धनभारित नायट्रोजन काठावरच्या ऑक्सिजनांना टेकतो. ज्या पाण्याशी स्पर्धा होती, तेच पाणी सुटताना पकड घट्ट करून जातं. या सगळ्या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

2011 मध्ये टेक्सासच्या ट्रिनिटी विद्यापीठात अॅडम अर्बाक यांच्या गटाने हे मोजून दाखवलं. ज्या प्रथिनांच्या टोकाला असं वलय नसतं, त्यांच्यापेक्षा इन्सुलिनला सीबी-7 50 ते 100 पट जास्त घट्ट धरतो.

आता 2016. मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात या. ज्योतिर्मयी मोहंती, अच्चिकानाथ भासिकुट्टन आणि सहकाऱ्यांनी निराळा रेणू निवडलाय, सल्फोनेट लावलेला कॅलिक्सअरीन. फेनॉलच्या वलयांचं हे कडं काठावरच्या ऋणभारित गटांमुळे पाण्यात सहज विरघळतं आणि लायसिन, आर्जिनिन अशा धनभारित अमिनो आम्लांना धरतं. मानवी इन्सुलिनमध्ये ही दोन्ही एकेकदाच येतात. या रेणूंनी तंतू तयार होणं रोखलं, शिवाय झालेले तंतू मोडलेही. थायोफ्लेविन-टी हा रंग असे तंतू ओळखायला वापरतात, कारण तंतूंना चिकटला की तो उजळून चमकतो. तंतू मोडले की ही चमकही उतरते.

मग सर्वांत घट्ट धरणारा रेणू तो सर्वांत चांगला? मला तसं वाटत नाही, कारण टोचल्यावर इन्सुलिन सुटलंही पाहिजे. हिशोब सीबी-7 चा करू. मिलिलीटरला 40 युनिटच्या बाटलीत इन्सुलिन लिटरला सुमारे 240 मायक्रोमोल असतं. इन्सुलिन आणि सीबी-7 निम्मे बांधलेले, निम्मे सुटे राहतात ती पातळी लिटरला एक मायक्रोमोलच्याही खाली आहे. म्हणजे बाटलीत पुरेसा सीबी-7 असेल, तर जवळपास सगळं इन्सुलिन धरलेलं राहील. रक्तात मात्र इन्सुलिनचं प्रमाण नॅनोमोलच्याही खाली जातं, सीबी-7 ही तितकाच विरळ होतो, आणि पकड आपोआप सैल पडून इन्सुलिन मोकळं होतं. याच्या हजारपट घट्ट धरणारा रेणू बाटलीतलं औषध आणखी चांगलं सांभाळेल, पण रक्तात पोहोचल्यावर ते चटकन सोडणार नाही.