गोडं पाणी

गोड्या वरणात गूळ घालायचा की नाही, यावरून मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. पण गुळाचा खडा न घालणाऱ्या घरातही त्या वरणाचं नाव गोडं वरणच. गोडेतेल चाखून पाहिलं तर जिभेला गोडीचा मागमूस लागत नाही. करंजाचं ते कडू तेल आणि खाण्याचं ते गोडं, एवढाच त्यातला हिशेब. विहिरीला गोडं पाणी लागलं म्हणून पेढे वाटणाऱ्या शेतकऱ्याला ते पाणी सरबतासारखं लागत नसतं. 'गोड' हा शब्द संस्कृतातल्या गुडापासून, म्हणजे गुळापासूनच आला. कोकणीत आजही गुळाला गोडच म्हणतात. मराठीत मात्र त्याने एक जास्तीचं काम पत्करलं. खारट नाही, तिखट नाही, कडू नाही, निमूट घशाखाली उतरतं, ते गोडं.

'कडू'चा प्रवास याहून चमत्कारिक आहे. संस्कृत 'कटु'चा प्राकृतात 'कडु' झाला, जसा 'वटा'चा वड आणि 'घटा'चा घडा. ध्वनी सरळ रस्त्याने आला. अर्थ मात्र वाटेत बदलला. आयुर्वेदातले सहा रस आठवून पाहा. त्यात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. सुंठ, मिरी, पिंपळी यांना मिळून 'त्रिकटु' म्हणतात आणि त्यातलं एकही कारल्यासारखं लागत नाही. मराठीत तिखटपणाची गादी तीक्ष्णापासून आलेल्या 'तिखट' शब्दाने बळकावली आणि बिचारा कटु सरकत सरकत कारल्याच्या वेलावर जाऊन बसला.

मुळात जिभेला झोंबणं, कापणं हाच कटूचा धर्म असावा. कित्येक भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं लिथुआनियनमधल्या 'कार्तुस'शी, म्हणजे तिथल्या कडूशी लावतात आणि दोघांच्या मागे 'कापणे' या अर्थाचा एक जुना धातू पाहतात. इंग्रजीतला 'बिटर' हा चावण्याच्या 'बाइट'चा सख्खा भाऊ. ग्रीक 'पिक्रोस'चा जुना अर्थ टोकदार, बोचरा. कडू हा त्याचा नंतरचा अर्थ. मराठीत आपण मनातल्या जुन्या दुखण्याला 'सल' म्हणतो. तो आला शल्यापासून, आणि शल्य म्हणजे अंगात रुतून राहिलेलं बाणाचं टोक. कडूपणा ही चव आहे असं आपण समजतो, पण भाषांच्या स्मरणात ती जखम आहे.

या 'पिक्रोस'चंच भाववाचक नाम 'पिक्रिया' नव्या करारात येतं. इफिसकरांस पत्रात टाकून द्यायच्या गोष्टींच्या यादीत ते पहिलंच आहे. राग, क्रोध, आरडाओरडा, निंदा सगळे त्याच्या मागून येतात. इब्री लोकांस पत्रात तर कडूपणाला मूळ आहे. वर उगवून आलं की ते एकट्याला पुरत नाही, पुष्कळांना बाधतं. हे ज्याने लिहिलं त्याने भाऊबंदकी जवळून पाहिली असणार, असं मला नेहमी वाटतं. एका बांधावरून दोन भावांचं बोलणं तुटतं, मग जावांचं, मग ज्यांनी तो बांध पाहिलेलाही नाही अशा नातवंडांचं.

मनातल्या या पिकासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. आकस, डूख, किल्मिष, दावा. मला सर्वांत बोलका वाटतो तो 'अढी'. आंबे पिकायला गवतात रचून ठेवतात, ती अढी. आणि मनात धरतात, तीही अढीच. दोन्हींचं मूळ एक की नाही, तो वाद बाजूला ठेवू. दोन्ही झाकून ठेवावी लागतात आणि दोन्हींना ऊब लागते. फरक एवढाच की आंब्याची अढी माणूस अधूनमधून उघडून बघतो, नासकं फळ बाजूला काढतो.

हिब्रूत कडूला 'मर' म्हणतात आणि अरबीत 'मुर्र'. ज्याला आपण हिराबोळ म्हणतो, बाळंतिणीच्या औषधांतला तो कडू डिंक, त्याचं पाश्चात्त्य भाषांतलं 'मिर्‌' हे नाव याच सेमिटिक धातूतून गेलं आहे. मागी लोकांनी बाळ येशूपुढे ठेवलेल्या भेटींत तो होता. क्रुसावर देण्यापूर्वी त्याच्यापुढे धरलेल्या द्राक्षारसात तो होता, आणि तो त्याने घेतला नाही. पुरताना वस्त्रांत बांधलेल्या सुगंधी द्रव्यांतही तो होता. पाळण्यापासून कबरेपर्यंत कडू त्याच्या सोबतीला आहे.

'मर'वरूनच 'मारा'. बायबलात हे नाव दोनदा ठळकपणे येतं, एकदा पाण्याला आणि एकदा बाईला. मिसरातून सुटलेले इस्राएल लोक तीन दिवस रानात पाण्यावाचून चालले. पाणी मिळालं ते कडू, म्हणून त्या जागेचं नाव मारा. मोशेने देवाने दाखवलेलं एक झाड त्यात टाकलं आणि पाणी गोड झालं. मराठी वाचकाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. पाण्याचा पाक झाला असं त्याच्या मनातही येत नाही. पाणी गोडं झालं, म्हणजे पिता येऊ लागलं.

दुसरी मारा म्हणजे रूथच्या गोष्टीतली सासू. दुष्काळात नवरा आणि दोन मुलगे घेऊन बेथलेहेमातून मवाबात गेलेली नामी तिघांनाही तिथेच पुरून परत येते. सोबत एक विधवा सून. गावच्या बायका विचारतात, ही नामीच का? तिच्या नावाचा अर्थ मनोहर, गोड. (मराठीतली 'नामी युक्ती' फारसीतून आलेली; हा निव्वळ योगायोग, पण झकास.) ती बायकांना सांगते की आता मला मारा म्हणा. चवीचं नाव माणसाला लावायची रीत आपल्याकडेही होती. अनौरस संततीला 'कडू' आणि औरसाला 'गोड' म्हणत. तिथे ते नाव गाव देई. नामी मात्र आपणहून स्वतःला कडू म्हणवते.

कडूपणा उतरायचा तर क्षमा हवी, आणि क्षमेसाठी मराठीत तीन वाटा आहेत. 'क्षमा' आली ती सोसणे अर्थाच्या 'क्षम्' धातूतून. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. 'माफी' अरबीतून फारसीमार्गे आली आणि आपल्याकडे बराच काळ महसुलाच्या दप्तरात रमली. शेतसारा माफ, कर्जमाफी. ती वरून खाली येते; देणारा सरकार असतो. तिसरी वाट मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दर रविवारी कानावर पडते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत तिथे पाप किंवा अपराध न म्हणता 'ऋण' म्हटलं आहे आणि क्रियापद आहे 'सोडणे'. मत्तयाच्या ग्रीकमध्ये शब्द खरोखरच देण्याचा आहे. येशूच्या बोलीत, अरामीत, 'होबा' म्हणजे देणंही आणि पापही.

मला हे भाषांतर फार आवडतं, कारण ते खोटं गोड बोलत नाही. काही झालंच नाही, विसरून जा, असं ते म्हणत नाही. देणं होतं, खरं होतं, वहीत मांडलेलं होतं, आता सोडलं. शिवाय त्या वाक्यात एक अट गुंफलेली आहे: आपण ज्यांचं सोडलं त्याच मापाने आपलं सुटावं. बांधावरून अकरा वर्षं न बोललेला थोरला भाऊ उपासनेत त्या वाक्याशी येतो तेव्हा धाकटा दोन बाकं पुढे बसलेला असू शकतो. एकट्याने घरी म्हणायची प्रार्थना असती तर जीभ चटकन पुढे सरकली असती. इथे ती शंभर माणसांबरोबर मोठ्याने म्हणायची आहे आणि त्यातल्या पन्नासांना बांधाची गोष्ट ठाऊक आहे. वेदीशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये, असंही येशूने सांगून ठेवलेलं. प्रभुभोजनाच्या रविवारी हे वाक्य जड जातं.

चर्चला मराठी ख्रिस्ती माणसाने 'मंडळी' म्हटलं. ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून जमवलेली सभा. 'मंडळी'त सभेचा ताठा नाही. घरची मंडळी, भजनी मंडळी, आणि नवऱ्याच्या तोंडी 'आमची मंडळी' म्हणजे बायको. मंडळ म्हणजे वर्तुळ. वर्तुळात बसलं की कुणाकडे पाठ करायची सोय उरत नाही.

कवी नारायण वामन टिळकांची 'मंडळी' चर्च आणि बायको या दोन्ही अर्थांनी डोळ्यांपुढे येते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या, लहान मुलाला घेऊन, नातलगांच्या आधाराने. कडू व्हायला याहून सबळ कारण कुठल्या बाईला मिळेल? पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तरी आधी आपलं सोवळं सांभाळूनच. नगर-राहुरीच्या दिवसांत विटाळाची कल्पना त्यांच्या मनातून गळाली आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे जात पाण्यावरून ओळखली जायची: कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या हातचं चालत नाही. लक्ष्मीबाईंसाठी सगळ्यांच्या हातचं पाणी गोडं झालं, ते याच काळात.

टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरं केलं. 1934 पासून त्यांच्या आठवणींची 'स्मृतिचित्रे' येऊ लागली. त्यात नवऱ्याचा तापटपणा आहे, लहरीपणा आहे, घरात दाणा नसताना केलेलं दातृत्व आहे, ती ताटातूटही आहे. काहीही झाकलेलं नाही. तरी ते पुस्तक वाचताना माणूस पानोपानी हसतो. त्याला गोड म्हणायला मी कचरतो, हल्ली त्या शब्दाला पाक फार चढला आहे. पण विहिरीच्या अर्थाने म्हणता येईल.

आणि ती नामी. रूथला मुलगा होतो, तो नामीच्या मांडीवर येतो, आणि त्याचं नाव ठेवतात शेजारच्या बायका. याच बायकांना तिने बजावलं होतं, मला मारा म्हणा. ती गोष्ट शेवटपर्यंत वाचली तर लक्षात येतं की एकीनेही तिला त्या नावाने हाक मारलेली नाही.