स्कॅटसॅट-१ : शिल्लक भागांतून घडलेला वाऱ्याचा पहारेकरी

रायपूरच्या पुरानी बस्तीत पावसाळ्यात कोसळणाऱ्या अनेक सरींचे मूळ शेकडो किलोमीटर दूर, बंगालच्या उपसागरात असते. तेथे निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा ओलांडून छत्तीसगडात आणि पुढे विदर्भात शिरतात. जमिनीवर वेधशाळा आहेत. भर समुद्रात मात्र वारा मोजणारी साधने विरळच. ही उणीव उपग्रहांनी भरून काढली.

२३ सप्टेंबर २००९ रोजी भारताने ओशनसॅट-२ अवकाशात धाडला. त्यावरील स्कॅटरोमीटर हे एक प्रकारचे रडारच होते. ते समुद्राकडे सूक्ष्मलहरी सोडते. वाऱ्यामुळे पाण्यावर उठलेल्या बारीक तरंगांवरून त्या किती तीव्रतेने परततात, यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढता येते. रात्र असो वा ढग, हे काम चालू राहते. मात्र फेब्रुवारी २०१४ मध्ये ते उपकरण निकामी झाले.

मोठा उपग्रह नव्याने घडवायचा, तर वाट पाहणे भाग होते. इस्रोने दुसरा मार्ग स्वीकारला. इतर मोहिमांतून शिल्लक राहिलेले सुटे भाग वापरून कमी वेळात आणि कमी खर्चात स्कॅटसॅट-१ सिद्ध झाला. ओशनसॅट-२चे वजन ९६० किलो होते, याचे अवघे ३७१. नासानेही २०१४ मध्ये जुन्या क्विकस्कॅटचे राखीव भाग वापरून रॅपिडस्कॅट हे उपकरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये तेही थांबले.

२६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ झेपावले आणि स्कॅटसॅट-१ कक्षेत पोहोचला. त्याच उड्डाणात पवईच्या आयआयटी मुंबईतील विद्यार्थ्यांनी घडवलेला, सुमारे १० किलोचा ‘प्रथम’ही होता. वातावरणाच्या वरच्या थरांतील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्याचे उद्दिष्ट.

पुढे २०१८ मध्ये नासाच्या रेनक्यूबने रडार आणखी आटोपशीर केले. खोक्याएवढ्या या उपग्रहाने मेक्सिकोवरील पाऊस अवकाशातून टिपला.

स्कॅटसॅट-१चे रडार २०२१ मध्ये थांबले. त्याची परंपरा चालवणारा ओशनसॅट-३ कक्षेत गेला तो २६ नोव्हेंबर २०२२ रोजी. म्हणजे खंड पुन्हा पडलाच. छोट्या, स्वस्त उपग्रहांचे खरे मोल या खंडाच्या संदर्भात कळते. वादळ कोणत्याही उपग्रहासाठी थांबत नाही. एक डोळा मिटला, तर दुसरा किती लवकर उघडतो, यावर किनाऱ्याला मिळणारी पूर्वसूचना अवलंबून असते.