सव्वासहा ते साडेदहा: एक गाव जळालं त्याचा घटनाक्रम

सहा महिने आधी

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, सिएरा नेवाडा डोंगराच्या उतारावर पॅरडाइज नावाचं गाव. तेव्हाची वस्ती सुमारे 26 हजार. 2018 च्या मे महिन्यानंतर तिथे नाव घेण्यासारखा पाऊस झाला नव्हता. नोव्हेंबर लागला तरी गवत कडकडीत वाळलेलं होतं. घरांच्या छपरांवर, पन्हाळींत आणि लाकडी ओट्यांखाली पाइनच्या वाळक्या सुया साचल्या होत्या. गावाला जंगलाची आग ठाऊक होती. 2008 साली वणवा गावाच्या हद्दीपर्यंत आला होता. त्यानंतर गावाचे विभाग पाडले गेले, बाहेर पडायच्या वाटा ठरल्या, त्याचा सरावही झाला. एवढी तयारी असलेलं गाव होतं हे, आणि म्हणूनच त्याची सकाळ पवनी तालुक्यातल्या आसगावात बसून तासातासाने वाचायला हवी.

आपल्याकडे असा कोरडा काळ उन्हाळ्यात येतो. वनविभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. साग, ऐन, मोह, तेंदू यांची पानं तोवर गळून जमिनीवर थर झालेला असतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून काडी लावतात, शेताचा धुरा साफ करायचा तोही पेटवूनच. वीज पडून लागलेली आग आपल्या भागात अपवादाने. लावतो तो माणूसच.

8 नोव्हेंबर 2018, सकाळी 6.15

पॅरडाइजपासून सुमारे 11 किलोमीटरवर, फेदर नदीच्या दरीत, पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या उच्चदाबाच्या वाहिनीत बिघाड झाला. मनोऱ्यावर तार तोलून धरणारा लोखंडी हुक जवळजवळ शंभर वर्षं वाऱ्यात हलत होता. घासत घासत त्याचं लोखंड इतकं झिजलं की त्या पहाटे तो तुटला. जिवंत तार मनोऱ्याला लागली आणि तापलेल्या धातूचे थेंब खालच्या वाळल्या गवतावर पडले. पुढे 2020 मध्ये कंपनीने 84 माणसांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. हातात मावेल एवढा हुक वेळेत बदलला असता तर ही तारीख आज कुणाला आठवलीही नसती.

6.33

आगीची पहिली खबर. काही मिनिटांत अग्निशमनची माणसं नदीच्या अलीकडच्या काठावर पोचली. आग समोर दिसत होती, पण तिच्यापर्यंत जाणारा कॅम्प क्रीक रोड कड्याच्या अंगाने जाणारा, अरुंद आणि कच्चा. मोठी गाडी त्यावरून जाईना. विमानाने पाणी टाकावं तर वारा भयंकर. त्या रस्त्याच्या नावावरूनच या वणव्याला पुढे ‘कॅम्प फायर’ म्हटलं गेलं.

7.30 च्या सुमारास

आग कॉन्को या वाटेतल्या वस्तीत शिरली. दरीतून येणाऱ्या वाऱ्याचे झोत ताशी 80 किलोमीटरपर्यंत जात होते. अनेकांना जाग आली ती शेजाऱ्याने दार ठोठावलं तेव्हा, नाहीतर धुराच्या वासाने.

7.44

या वेळेपाशी मी वाचकाला थांबवणार आहे. वणव्याची मुख्य आघाडी अजून मागे होती. तरीही पॅरडाइजच्या पूर्व भागातून आगी लागल्याच्या खबरा येऊ लागल्या, एक इथे, दुसरी तिथे. आग चालत आली नव्हती, उडून आली होती. झाडांच्या सालीचे, फांद्यांचे, कॉन्कोतल्या घरांच्या लाकडाचे पेटते तुकडे वाऱ्याने उचलले आणि दीड-दोन किलोमीटर पुढे नेऊन टाकले.

ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते, असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात बहुतेक घरांना आधी गाठतात त्या ठिणग्या. ठिणगी मोकळ्या अंगणात पडली तर विझून जाते. पन्हाळीतल्या सुयांवर, भिंतीला टेकवलेल्या सरपणावर, पायपुसण्यावर पडली तर घर घेऊन जाते. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी प्रत्यक्ष आगी लावून हे तपासलं होतं. मोठ्या ज्वाळेची धगसुद्धा तीस-चाळीस मीटरपलीकडे लाकडी भिंत पेटवू शकत नाही. म्हणजे घर वाचणार की जाणार, हे ठरतं ते घरात आणि घराभोवतीच्या तेवढ्याच जागेत. त्यातही भिंतीलगतचं दीड मीटर सगळ्यात महत्त्वाचं.

आता आपलं दीड मीटर पाहू. आसगाव चौरासातलं, धानाच्या बांध्यांमधलं गाव. मळणी झाली की जनावरांचं वर्षभराचं तणीस घरामागे येतं आणि गोठ्याच्या भिंतीला लागून रचलं जातं. शेजारी तुराट्यांचा भारा, गोवऱ्या, सांदवाडीचं काट्यांचं कुंपण. हे कुंपण शेजारच्या कुंपणाला जोडलेलं, ते त्याच्या शेजारच्या. कवेलूचं छप्पर वरून पेटत नाही हे खरं, पण कवेलू सरकलेले असतात. त्या फटीत चिमण्यांनी आणलेल्या काड्या आणि वाऱ्याने भरलेला पाचोळा असतो, आणि त्याखाली वाळके बांबू. ठिणगीला एवढी फट पुरते. पुंजणी जळून खाक झाल्याच्या बातम्या भंडारा जिल्ह्यात दरवर्षी येतात. त्या वाचताना नुकसानीचा आकडा पाहण्याबरोबरच ते पुंजणं घरापासून किती अंतरावर होतं, हेही विचारायला हवं.

8.00 च्या सुमारास

पॅरडाइजच्या पूर्वेकडच्या विभागांना घरं सोडण्याचा पहिला आदेश निघाला. तोवर तिथली घरं पेटू लागली होती. योजना एकेक विभाग क्रमाने रिकामा करण्याची होती, आग मात्र अनेक विभागांत एकदमच उतरली. मोबाइलवरचे इशारे हजारो लोकांपर्यंत पोचलेच नाहीत. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनी साठहून जास्त रुग्ण हलवले, त्यातले कितीतरी स्वतःच्या गाड्यांतून.

9.00 नंतर

सगळं गाव एकाच वेळी रस्त्यावर. दक्षिणेकडे उतरणारे मोजके रस्ते तुंबले. सकाळ असून धुराने अंधार झाला होता. टायर वितळू लागले, लोक गाड्या टाकून पायी निघाले. वृद्ध आणि अपंग मागे राहिले. मृतांमध्ये बहुसंख्य साठीच्या पुढचे होते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. ज्यांना वेळेत बाहेर नेता येईना अशा काहींना अग्निशमनच्या जवानांनी काँक्रीटच्या मोकळ्या पार्किंगमध्ये एकत्र थांबवलं. भोवती दुकानं जळत होती, पण जिथे माणसं उभी होती तिथे जळण्यासारखं काही नव्हतं. तिथे थांबलेले वाचले. आपल्याकडे अशी जागा म्हणजे शाळेचं पटांगण, साफ केलेलं खळं, बोडीचा उघडा काठ. ती कोणती, हे म्हाताऱ्या आजीला आणि शाळकरी पोरालाही आधीपासून ठाऊक हवं.

10.30

बहुतेक गाव आगीच्या ताब्यात. पहिल्या खबरीपासून चार तास.

25 नोव्हेंबर

वणवा पूर्ण आटोक्यात आला. मृत 85. जळालेल्या इमारती 18 हजारांहून जास्त. नंतरच्या छायाचित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: घराची राख, आणि शेजारचं पाइनचं झाड हिरवं. जंगलाने घर जाळलं असतं तर झाड आधी जायला हवं होतं. इथे घराने घर पेटवलं होतं. पुढच्या अभ्यासातही तेच निघालं. 1997 पूर्वी बांधलेल्या घरांपैकी साधारण 11 टक्के वाचली, नंतर बांधलेल्यांपैकी 38 टक्क्यांच्या आसपास. आणि जळालेल्या घरापासून जितकं अंतर जास्त, तितकी शेजारचं घर वाचण्याची शक्यता जास्त. एकट्याने आपलं अंगण झाडून पुरत नाही, ते याचसाठी.

8 एप्रिल 2021, संध्याकाळी 5, नागझिरा

ही तारीख आपल्या घरातली. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्या गुरुवारी सकाळी आग लागली. पन्नास-साठ वनकर्मचारी आणि हंगामी मजूर दिवसभर ती विझवत होते. पाचच्या सुमारास आग आटोक्यात आली असं वाटलं. तेवढ्यात वारा सुटला, निखारे पुन्हा पेटले, आणि डोंगरउतारावर अडकलेले तीन मजूर जळून गेले. दोघे गंभीर भाजले. ही माणसं जंगलालगतच्या गावांतून रोजीवर आलेली होती. आपण वेचायच्या सोयीसाठी लावलेली काडी विझवायला अशीच कुणाची तरी मुलं जातात, आणि हे ठाऊक असूनही काडी लावणाऱ्याला मी निष्पाप म्हणू शकत नाही. मोहाखाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरली तर फुलं जाळ न करता गोळा होतात, स्वच्छही राहतात. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहेच.

उपग्रहांनी टिपलेल्या आगीचा इशारा आता भारतीय वन सर्वेक्षण विभागाकडून वनरक्षकाच्या मोबाइलवर जातो. चांगली सोय आहे. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये चार तास सहज निघून जातात.

15 फेब्रुवारीच्या आधी

खरा घटनाक्रम इथून सुरू होतो, आणि तो आपल्या हातात आहे. तणीस घरापासून आणि गोठ्यापासून लांब, शक्य तर खळ्यावर रचा. दोन ढिगांमध्ये मोकळी, खुरपलेली जमीन ठेवा. जागा नसेल तर चार घरांनी मिळून एक जागा ठरवा. भिंतीलगतचं दीड मीटर उघडं करा. छपरावर चढून सरकलेले कवेलू बसवा, फटीतला पाचोळा काढा. कुंपणात मध्ये मध्ये खंड पाडा, म्हणजे आग एका सांदवाडीतून दुसरीत जाणार नाही. धुरा पेटवायचा नाहीच. कापून खत करा. गोठ्यातल्या जनावरांचं दावं एका झटक्यात सुटेल असं बांधा. चालता न येणारं माणूस कोणत्या घरात आहे आणि त्याला कोण उचलणार, हे नावानिशी ठरवा. 112 आणि वनविभागाचा 1926 हे दोन क्रमांक दारावर लिहा. अग्निशमनची गाडी शहरातून निघणार. ती पोचेपर्यंत मोटारपंप, पाइप आणि भरलेलं टाकं यावरच भिस्त आहे, आणि वीज गेली तर पंपही बंद.

आसगावच्या आणि शेजारच्या गावांच्या सरपंचांना, ग्रामसेवकांना माझी विनंती आहे: 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, तणसाची सामाईक जागा आणि गावाने गोळा व्हायचं पटांगण त्याच दिवशी ठरवा, आणि ठराव लिहून ठेवा.