गावात म्हाताऱ्या माणसांसाठी पैसे कुठून मिळतात? ग्रामसभेआधी वाचून ठेवा

नेरे (ता. पनवेल) : म्हातारं माणूस घरातून निघतं आणि परतीची वाट विसरतं, हे आता आपल्याकडेही घडतं. गावात याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात आणि तो आजार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभर माणसांमागे सुमारे सात जणांना तो असतो.

नेऱ्याजवळ शांतिवनात वृद्धाश्रम आहे, पण आपली बहुतेक म्हातारी माणसं घरातच राहतात. त्यांना घरात आणि गावात नीट वावरता यावं, यासाठी सरकारी पैसे आहेत. मात्र ते एका नावाखाली नाहीत. वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहेत, म्हणून कुणी मागत नाही.

माणसाच्या खात्यावर येणारे

मुख्यमंत्री वयोश्री योजना (२०२४) : चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यासाठी एकदाच ३,००० रुपये. ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, अशी अट ठेवली गेली. हे काम समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे आहे. अर्ज घेणं चालू आहे का, ते आधी विचारा, उगाच खेप नको. वस्तू घेतल्याचं बिल जपून ठेवा.

श्रावणबाळ योजना : ६५ वर्षांपुढच्या निराधारांना महिना १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात.

आयुष्मान वय वंदना कार्ड : ७० वर्षांपुढे उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार.

संस्थेला मिळणारे

केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत वृद्धाश्रम, फिरता दवाखाना, फिजिओथेरपी केंद्र यांना अनुदान मिळतं. स्मृतिभ्रंश झालेल्या किमान २० ज्येष्ठांसाठी निवासगृह चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाही यातून पैसे मिळू शकतात. घरच्या माणसाला यातून रोख काही मिळत नाही.

ग्रामपंचायतीकडचे

खरं मागायचं ते इथे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के पाणी-स्वच्छतेसाठी बांधील होते, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येत होते. सार्वजनिक शौचालयात कमोड आणि धरायला दांडा, हे स्वच्छतेच्या कामातच बसतं. एसटी थांब्यावर पाठ टेकायचं बाकडं, पंचायतीच्या पायऱ्यांना कठडा, आळीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरातला फलक ही कामं गरजेच्या भागात मागता येतात. रस्त्याच्या काँक्रीटपुढे हा खर्च किरकोळ आहे.

शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वयामुळे नजर, कान किंवा चालणं गेलं असेल आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर त्या माणसाचाही त्यावर हक्क आहे.

मागायचं कसं

१. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरपासून ठरायला लागतो. त्याआधी वॉर्डसभा आणि महिला सभेत विषय काढा. सासू-सासऱ्यांचं कोण करतं, ते तिथल्या बायांनाच ठाऊक.

२. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. 'ज्येष्ठांसाठी सोय करावी' असं मोघम लिहू नका. 'अमुक थांब्यावर एक बाकडं' असं लिहा.

३. ग्रामसभेत ठराव झाला तर तो इतिवृत्तात आला का ते पाहा. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतो. तिथे काम नसेल, तर पैसे येणार नाहीत.

पैशावाचून होणारं

विसरणाऱ्या माणसाच्या खिशात नाव, गाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. किराणावाला, रिक्षावाले, एसटीचे कंडक्टर यांना सांगून ठेवा. यात लाज वाटायचं कारण नाही. विसर वाढतोय असं वाटलं तर आशाताईंना सांगा, नेऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कधी थायरॉईड, बी-१२ ची कमतरता किंवा औषधांमुळेही विसर पडतो आणि तो उपचाराने कमी होतो.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. माणूस हरवलं तर वाट बघत बसू नका, लगेच ११२ लावा.